उतरणाऱ्याच्या बाजूने पाहिलेले स्थानक

एका तालुक्याच्या गावातील प्रवासी संघटनेने विचारलेला प्रश्न असा आहे : गावच्या रेल्वे स्थानकाचा अमृत भारत योजनेतून पुनर्विकास होत आहे, बाहेरगावाहून प्रथमच येणाऱ्या पाहुण्यावर चांगली छाप पाडणारी स्थानके जगात आणि आपल्या देशात कोणती आहेत, आणि त्यांच्यापासून लहान गावाने काय घ्यावे? स्थानकांच्या इमारती आणि त्यांमधील माणसांची ये-जा यांचे आराखडे करण्यात माझी व्यावसायिक हयात गेली असल्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. केवळ नावांची यादी देऊन आपले काम होणार नाही, म्हणून कारणांसह उत्तर देतो.

उत्तराचा गाभा आधी सांगतो. पाहुण्याला स्थानक आतून बाहेर असे भेटते. आपण ज्याला स्थानकाचा दर्शनी भाग म्हणतो आणि ज्याची चित्रे भूमिपूजनाच्या फलकावर छापली जातात, तो भाग गावातून गाडी पकडायला निघालेल्या माणसाला दिसतो. गाडीतून उतरणाऱ्याला आधी डब्याची पायरी दिसते, मग फलाटाची फरशी, मग जिना, पूल, बाहेर पडण्याचे दार आणि शेवटी आवार. दर्शनी भाग त्याला पाहायचा असेल तर रिक्षात बसण्यापूर्वी मागे वळून पाहावे लागते, आणि हातात सामान व कडेवर मूल असलेला माणूस तसे सहसा करत नाही. त्यामुळे स्थानकाची पहिली छाप तपासायची असेल तर समोरच्या रस्त्यावर उभे राहून उपयोग नाही. डब्याच्या दारापासून गावातल्या पहिल्या वाहनापर्यंतचा रस्ता चालून पाहिला पाहिजे.

या कसोटीवर आपल्या सर्वांच्या अभिमानाचे स्थानक, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, लावून पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 मध्ये सुरू झालेले हे बांधकाम साधारण दहा वर्षे चालले, आणि 2004 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दगडातील पाने, पक्षी आणि प्राणी, जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेले कोरीव काम, घुमटावर उभी असलेली प्रगतीची मूर्ती, प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह आणि वाघ : इतकी विपुलता जगातील फार थोड्या स्थानकांना लाभली आहे. परंतु तो घुमट ज्या भव्य जिन्यावर उभा आहे, तो जिना त्या काळच्या रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाचा होता, आणि आजही त्या भागात मध्य रेल्वेची कार्यालये आहेत. नागपूर, हैदराबाद किंवा मडगावहून आलेला प्रवासी आठ ते अठरा या क्रमांकांच्या फलाटांवर उतरतो आणि गर्दीबरोबर पूर्वेकडील दाराने पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूला बाहेर पडतो. तिथे त्याला टॅक्सीवाल्यांची हाक ऐकू येते, हातगाड्या दिसतात आणि वाट शोधावी लागते. ज्या इमारतीमुळे हे स्थानक जगप्रसिद्ध आहे, ती त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या अंगाला राहते. मुंबईत पहिल्यांदा आलेली कित्येक माणसे ती इमारत न पाहताच दादर किंवा कुलाब्याकडे निघून जातात, याचे मला खरोखर वाईट वाटते. या स्थानकाच्या पुनर्विकासाचे काम आता हाती घेण्यात आले आहे. त्यातून लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रवाशाला मुख्य इमारतीच्या अंगाने बाहेर नेणारी सरळ, छताखालची वाट मिळाली, तर माझ्या मते इतर सर्व सजावटीपेक्षा तिचे मोल अधिक असेल.

याच्या अगदी उलट उदाहरण व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकाचे आहे. आज दिसणारी तिथली इमारत विसाव्या शतकाच्या मध्यातली, बसकी, सपाट छपराची आणि फारशा अलंकारांविना आहे. तिचे छायाचित्र पाहून कोणी मोहून जाणार नाही. पण मुख्य भूमीवरून 1846 मध्ये खुल्या झालेल्या लांब पुलावरून गाडी खाजणाच्या पाण्यावर येते, तेव्हाच खिडकीतून आगमनाला सुरुवात झालेली असते. फलाटाच्या टोकाला उतरून सरळ चालत गेले की सभागृह, सभागृहातून दारे, दारांबाहेर रुंद पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी ग्रँड कॅनॉलचे पाणी. समोर सान सिमेओने पिक्कोलो या चर्चचा हिरवट घुमट, आणि पायऱ्या उतरताच जलबसचा धक्का. कुठेही वळण नाही, जिना चढणे नाही, आणि इमारत स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. ती बाजूला सरते आणि शहर पुढे करते. पाहुण्याला जे पाहायचे आहे ते आणि त्याला ज्या वाहनाने पुढे जायचे आहे ते, दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात येतात, हे या स्थानकाचे खरे सामर्थ्य आहे.

आपल्याकडे याच जातीचे एक लहानसे स्थानक आहे, आणि त्याचे नाव अशा चर्चेत क्वचितच निघते : माथेरान. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला नेरळ–माथेरान हा अरुंद मार्ग 1907 मध्ये सुरू झाला. माथेरानमध्ये मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे प्रवेश नाही, त्यामुळे छोट्या गाडीतून उतरलेला माणूस थेट बाजाराच्या रस्त्यावर पाऊल ठेवतो. झाडांची सावली, घोडे आणि चालणारी माणसे त्याच्या भोवती असतात, आणि आपण आलो त्या जगापेक्षा हे ठिकाण वेगळे आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. स्थानकाची इमारत साधी आहे. तिने काही सिद्ध करण्याचा प्रयत्न केलेला नाही, आणि गावाने स्थानकापर्यंत मोटारींना येऊ दिलेले नाही. या दोन गोष्टींनी मिळून जी छाप पडते, ती कोट्यवधी रुपये ओतूनही अनेक ठिकाणी पडत नाही.

हावडा स्थानकाचाही इथे विचार केला पाहिजे. हॅल्सी रिकार्डो या वास्तुविशारदाने आखलेली ती लाल विटांची इमारत हुगळीच्या काठावर उभी आहे. बाहेर आल्यावर नदी, 1943 मध्ये खुला झालेला हावडा पूल आणि पलीकडे कोलकाता, असा देखावा समोर उभा ठाकतो. पाण्याच्या काठाला नौकेचा घाट आहे, म्हणजे व्हेनिसप्रमाणेच इथेही पाहुणा स्थानकातून चालत जाऊन नौकेने शहरात प्रवेश करू शकतो. शिवाय फलाटांच्या मधून मोटारींसाठी ठेवलेला रस्ता हे हावड्याचे जुने वैशिष्ट्य : म्हातारी माणसे आणि अवजड सामान यांसाठी वाहन जवळजवळ डब्यापर्यंत येऊ शकेल, याचा विचार त्या काळच्या आखणीत झालेला होता. आणि सभागृहातील मोठे घड्याळ, ‘बोरो घोरी’, हे पिढ्यानपिढ्या भेटीचे ठिकाण राहिले आहे. ‘घड्याळाखाली उभा राहतो’ एवढे सांगितले की पुरे. हावड्याची गर्दी, घाट आणि स्थानक यांच्यामधील रस्त्यावरची कोंडी यांमुळे या सर्व गुणांवर पाणी पडते हे खरे. पण गुण मुळातले आहेत आणि कोंडी सोडवता येण्याजोगी आहे.

भव्य इमारत आणि उतरणारा प्रवासी यांची गाठ घालून देणारे स्थानक पाहायचे असेल, तर बेल्जियममधील अँटवर्पकडे पाहावे. लुई डेलासेन्सरी यांच्या आराखड्याची ती इमारत 1905 मध्ये पुरी झाली आणि तिचा घुमट सुमारे 75 मीटर उंच आहे. पुष्कळ लोक तिचे कौतुक घुमटासाठी करतात. मला तिच्यातील पातळ्यांची योजना अधिक मोलाची वाटते. जुने रूळ रस्त्यापेक्षा उंचावर आहेत आणि सभागृह खाली आहे. त्यामुळे लोखंड आणि काचेच्या छताखाली गाडीतून उतरलेला माणूस जेव्हा सभागृहात येतो, तेव्हा तो वरून येतो. संगमरवरी जिना उतरताना संपूर्ण घुमट आणि खालचे सभागृह त्याच्यासमोर उलगडत जाते. भव्यतेचा सर्वोच्च क्षण इथे उतरणाऱ्याच्या वाटेवर ठेवलेला आहे. पुढे 2007 मध्ये वेगवान गाड्यांसाठी स्थानकाखालून आरपार बोगदा काढला गेला, तेव्हाही खालच्या पातळ्यांवरून वर येणाऱ्याला मधल्या मोकळ्या पोकळीतून जुने छत दिसत राहील, अशी काळजी घेतली गेली.

न्यूयॉर्कचे ग्रँड सेंट्रल हे 1913 चे स्थानक सर्वांना त्याच्या ताऱ्यांच्या छतामुळे ठाऊक असते. तिथून शिकण्यासारख्या गोष्टी मात्र छताकडे पाहून कळत नाहीत. पहिली म्हणजे उतार. तिथल्या आराखड्यात रुळांच्या पातळ्यांपासून सभागृहापर्यंत आणि सभागृहापासून रस्त्यापर्यंत जिन्यांऐवजी मोठ्या प्रमाणावर सौम्य उतार वापरले आहेत, त्यामुळे सामान घेतलेला माणूस पायाखाली न पाहता चालत राहतो आणि आपोआप सभागृहात पोहोचतो. दुसरी गोष्ट, सभागृहाच्या बरोबर मध्यभागी असलेली चौकशी खिडकी आणि तिच्यावरचे चार तोंडांचे घड्याळ. चौकशीचे ठिकाण कोपऱ्यात, खांबामागे किंवा तिकीट खिडक्यांच्या ओळीच्या शेवटी ठेवण्याची आपल्याकडची सवय मला कधीच समजलेली नाही. ज्याला काही ठाऊक नाही त्यालाच ते ठिकाण शोधायला लावणे अन्यायाचे आहे. तिसरी गोष्ट लहान आहे, पण माझ्या फार आवडीची : लांब पल्ल्याच्या गाड्यांनी येणाऱ्यांना भेटण्यासाठी तिथे एक वेगळे दालन होते. आप्तस्वकीय तिथे थांबत आणि गळाभेटी तिथेच होत, म्हणून लोकांनी त्याला चुंबनाचे दालन असे नाव दिले होते. आपल्याकडे तर घ्यायला येणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक असते. गणपतीत चाकरमान्याला घ्यायला भाऊ, पुतण्या आणि शेजारचा रिक्षावाला असे सगळे येतात. त्यांना उभे राहायला बाहेरच्या दाराशी सावलीची, बसण्याची जागा नसेल, तर ते दारातच उभे राहणार आणि बाहेर पडणाऱ्यांची वाट अडणार. हा शिस्तीचा प्रश्न नाही, जागेचा आहे.

आता गर्दीच्या हिशोबाकडे येतो, कारण पहिली छाप बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण तिथे आहे. गाडीने जाणारे प्रवासी तासभर आधीपासून थोडेथोडे येत राहतात. उतरणारे मात्र सगळे एकाच मिनिटात उतरतात. बावीस डब्यांची नवी गाडी सव्वापाचशे मीटरहून लांब असते, म्हणजे शेवटच्या डब्यातल्या प्रवाशाला पूल एका टोकाला असेल तर अर्धा किलोमीटर चालावे लागते. एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून सामानासह मिनिटाला तीस ते चाळीस माणसे सुखाने चढतात, असे मी आराखडे करताना धरतो. त्या मापाने तीन मीटर रुंदीचा जिना सहाशे माणसांना वर न्यायला सहा मिनिटे घेतो, आणि त्याच वेळी कोणी खाली येत नसेल असे गृहीत धरूनच. फलाटावर सहा मिनिटे ताटकळलेल्या, धक्के खाल्लेल्या माणसाला पुलाच्या पलीकडचे रंगीत भित्तिचित्र दाखवून काय उपयोग? म्हणून जिन्याची रुंदी, पुलाची जागा आणि रॅम्प ही माझ्या दृष्टीने सौंदर्याचीच अंगे आहेत. फलाटाची उंची हाही त्यातलाच भाग. रुळापासून 760 ते 840 मिलिमीटर उंचीचा फलाट असेल तर प्रवासी पायरीवरून सहज पाऊल टाकतो. जुन्या बुटक्या फलाटावर, दोन मिनिटांच्या थांब्यात, आजींना हात धरून उतरवावे लागते आणि त्यांच्या मनात त्या गावाची पहिली आठवण भीतीची राहते. अमृत भारत योजनेच्या धोरणात उंच फलाटांचा आणि साधारण 600 मीटर लांबीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या संघटनेने रंगसंगतीवर मत देण्यापूर्वी ही दोन मापे मागून घ्यावीत.

याला जोडूनच एक बिनखर्चाची गोष्ट. मुख्य इमारतीला लागून असलेल्या एक क्रमांकाच्या फलाटावर गाडी घेतली, तर पुलाचा प्रश्नच उरत नाही. मार्गाची दिशा आणि गाड्यांचे क्रॉसिंग पाहूनच हे ठरते, त्यामुळे प्रत्येक गाडीबाबत ते शक्य नाही. पण ज्या रात्रीच्या किंवा पहाटेच्या गाडीने आपल्या गावात सर्वाधिक म्हातारी माणसे आणि यात्रेकरू उतरतात, तिच्यापुरती मागणी परिचालन विभागाकडे अवश्य करावी.

हवामान हाही पहिल्या छापेचा मोठा भाग असतो, आणि या बाबतीत जपानमधील कानाझावा स्थानकासारखे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्या प्रदेशात पाऊस आणि बर्फ इतके पडते की, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल पण छत्री विसरू नकोस, अशी तिथली जुनी म्हण आहे. 2005 मध्ये स्थानकाच्या पूर्वेकडील दारासमोर काच आणि धातूचा प्रचंड घुमट उभारला गेला, त्यामागची कल्पना अशी की, येणाऱ्या पाहुण्यावर शहराने छत्री धरावी. त्याच्या पुढे सुमारे 13.7 मीटर उंचीची लाकडी कमान आहे. तिचे पिळदार खांब नो या पारंपरिक जपानी नाट्यप्रकारातील त्सुझुमी या हातढोलाच्या आकारावरून घेतले आहेत, कारण त्या नाट्यप्रकाराची मोठी परंपरा या शहरात आहे. कमान शहराची ओळख सांगते, पण तिचे चांगुलपण मला घुमटामुळे पटते. आधी पाहुण्याला कोरडे ठेवले आहे, बसपर्यंत पोहोचवले आहे, आणि मग आपली संस्कृती दाखवली आहे.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. 1998 च्या 26 जानेवारीपासून संपूर्ण खुल्या झालेल्या कोकण रेल्वेच्या मार्गावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारी गावे ओळीने आहेत, आणि घाट, डोंगर व वळणे टाळून मार्ग काढावा लागल्यामुळे अनेक स्थानके गावांपासून दूर आहेत. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने अलीकडच्या काळात या मार्गावरील स्थानकांच्या दर्शनी भागांचे आणि आवारांचे सुशोभीकरण केले, त्याचे मी स्वागतच करतो. एवढी वर्षे उपेक्षित राहिलेल्या आवारांकडे कोणीतरी पाहिले. परंतु त्या सर्व कामांना मी एकच माप लावतो : जुलै महिन्यात, गाडीचा शेवटचा डबा जिथे थांबतो तिथून रिक्षा किंवा एसटीच्या पायरीपर्यंत माणूस किती वेळ पावसात चालतो? हे अंतर शून्यावर येत नाही तोपर्यंत दर्शनी कमानीसाठी वेगळी रक्कम ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच मार्गावर गोव्याच्या करमळी स्थानकाशेजारी मोठे तळे आहे आणि तिथे हिवाळ्यात पक्ष्यांची वर्दळ असते. तिथे निसर्गाने जे दिले आहे ते झाकले जाऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी स्वागत पुरे होते.

भिंतींवरच्या चित्रांबद्दल आपण वेगळे विचारलेले नाही, तरी आज प्रत्येक गावात तोच पहिला प्रस्ताव येतो म्हणून लिहितो. पोर्तुगालमधील पोर्तो शहराच्या साओ बेंतो स्थानकात, 1916 मध्ये खुल्या झालेल्या सभागृहाच्या भिंतींवर जॉर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या सुमारे वीस हजार फरश्या आहेत. निळ्या-पांढऱ्या रंगात देशाचा इतिहास, लोकजीवन आणि वाहतुकीची कथा सांगितली आहे. शंभर वर्षे झाली तरी ते काम ताजे आहे, कारण फरशी धुता येते आणि तिचा रंग उडत नाही. आपल्याकडे 2017 मध्ये बिहारमधील मधुबनीच्या स्थानकावर त्याच जिल्ह्यातल्या कलावंतांनी भिंती रंगवल्या, आणि 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्पर्धेत विदर्भातील बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना ताडोबाचे वाघ व जंगल दाखवणाऱ्या सजावटीसाठी पहिला पुरस्कार मिळाला. ही कामे मला मनापासून भावतात, कारण विषय त्या मातीतला आहे, हात तिथल्या माणसांचे आहेत, आणि चित्रे उतरणाऱ्या माणसाच्या चालण्याच्या वाटेवर आहेत. ज्या गावाचा वाघाशी संबंध नाही तिथे वाघ काढू नये, आणि जिल्हा कोणताही असला तरी तीच वारली नक्षी उमटवू नये. आपल्या गावात काय पिकते, काय विणले जाते, कोणती जत्रा भरते, याचा शोध घ्यावा. रंग निवडताना पाच पावसाळे टिकेल असे साधन घ्यावे, कारण पोपडे निघालेले चित्र हे कोऱ्या भिंतीपेक्षा अधिक उदास दिसते.

नवे बांधण्यापूर्वी काय काढता येईल याचा विचार व्हावा, हे लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाने उत्तम दाखवून दिले. 1852 चे हे स्थानक मुळात दोन समान कमानींचे : एक छप्पर येणाऱ्या गाड्यांसाठी, दुसरे जाणाऱ्यांसाठी, आणि दर्शनी भिंतीत ते दोन अर्धवर्तुळांच्या रूपाने सरळ दिसत होते. 1970 च्या दशकात त्याच्यासमोर एक बसके सभागृह तात्पुरते म्हणून बांधले गेले आणि ते चाळीस वर्षे तसेच राहिले. पश्चिम बाजूला 2012 मध्ये नवे सभागृह झाल्यावर ते पुढचे बांधकाम पाडण्यात आले आणि 2013 मध्ये त्या जागी मोकळा चौक खुला झाला. आता बाहेर पडणाऱ्याला आकाश दिसते, बसण्याच्या जागा दिसतात आणि समोरचा रस्ता दिसतो. आपल्या स्थानकांच्या आवारातही बंद पडलेल्या टपऱ्या, जाहिरातींच्या चौकटी, गंजलेली कुंपणे, जुन्या आरक्षण केंद्राचे पत्र्याचे वाढीव बांधकाम आणि दारासमोरच लावलेल्या दुचाकींच्या रांगा असतात. त्या काढल्या तर जागा आहे त्यापेक्षा दुप्पट वाटू लागते, आणि जुन्या दगडी इमारतीची कमान पुन्हा दिसू लागते.

शेवटी पाहुणा गावाच्या हाती सोपवला जातो तो क्षण. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या 2014 मध्ये नव्याने खुल्या झालेल्या स्थानकाचे टोकदार छत शहराच्या मध्याकडे बोट दाखवते, आणि त्याखालून बाहेर पडणारा माणूस पादचाऱ्यांच्या चौकात येतो. मोटारी आणि हजारो सायकली जमिनीखाली ठेवल्या आहेत. उत्तरेकडची बाजू मात्र घरांची वस्ती असल्यामुळे मुद्दाम लहान, शांत आणि हिरवी ठेवली आहे. एकाच स्थानकाची दोन तोंडे दोन वेगळ्या स्वभावांची असू शकतात, हे आपल्या पूर्व आणि पश्चिम बाजू असलेल्या गावांनी लक्षात घेण्यासारखे आहे. ठाण्याच्या पश्चिमेला सॅटिस या स्थानक परिसर वाहतूक सुधारणा योजनेच्या उंच मार्गिकेवर बस नेऊन बस आणि रिक्षा वेगळ्या केल्या गेल्या. देखणेपणात तो भाग कमी पडतो, पण बस कुठे मिळेल याचे उत्तर तिथे मिळते. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज टर्मिनस आणि मध्यवर्ती बस स्थानक चालत काही मिनिटांवर आहेत, आणि पन्हाळा, जोतिबा किंवा गगनबावड्याला निघालेल्या पाहुण्याला याहून मोठी सोय कोणती? ज्या गावात एसटी स्थानक दूर आहे, तिथे निदान गाडीच्या वेळेला जोडून एक बस आवारात यावी, आणि दर लिहिलेला रिक्षाचा आगाऊ भाडे कक्ष बाहेर पडण्याच्या दाराला लागून असावा.

पाट्यांबद्दलही आग्रह धरावा. मुंबईकराला ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ पुरते. परक्या माणसाला त्यातून काही कळत नाही. पुलावर चढण्यापूर्वी, म्हणजे फलाटावरच, पाटीवर ‘एसटी स्थानक’, ‘ग्रामीण रुग्णालय’, ‘देवस्थान’, ‘बाजारपेठ’ अशी ठिकाणांची नावे आणि बाणाची दिशा असली पाहिजे. चुकीच्या बाजूला उतरून पुन्हा पूल चढणे हा आपल्या स्थानकांवरील सर्वांत सामान्य त्रास आहे आणि तो एका पाटीने टळतो.

रात्रीचा विचार तर आराखड्यांत जवळजवळ नसतोच. संकल्पचित्रात नेहमी स्वच्छ सकाळ असते. पण आपल्या लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या लहान गावांना रात्री दोन, तीन, चार वाजता भेटतात. त्या वेळी उतरलेल्या एकट्या मुलीच्या दृष्टीने पाहिले, तर चांगल्या स्थानकाचे अर्थ वेगळे होतात : पूल आणि आवार यांवर सावल्या न पाडणारा सलग प्रकाश, कुलूप नसलेले आणि स्वच्छतागृह जोडलेले महिला प्रतीक्षालय, लोहमार्ग पोलिसांची खोली नजरेच्या टप्प्यात, चालू असलेला चहाचा एक स्टॉल आणि उजाडेपर्यंत बसता येईल असे बाक. 2022 पासून सुरू झालेल्या ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेतील स्टॉल अशाच वाटेवर, प्रतीक्षालयाच्या जवळ ठेवला, तर माणसांची जाग राहते आणि गावच्या मालालाही गिऱ्हाईक मिळते.

देशभरात 6 ऑगस्ट 2023 रोजी एकाच वेळी 508 स्थानकांच्या कामांची पायाभरणी झाली, आणि 22 मे 2025 रोजी पूर्ण झालेल्या 103 स्थानकांचे उद्घाटन झाले. त्यांत देवळाली, लोणंद, केडगाव, लासलगाव, धुळे, मूर्तिजापूर अशी आपल्या आकाराच्या गावांना जवळची वाटतील अशी स्थानके आहेत. अँटवर्प किंवा कानाझावाला जाणे आपल्याला शक्य नसले तरी यांपैकी दोन-तीन ठिकाणी संघटनेच्या सदस्यांनी अवश्य जावे, आणि मोटारीने न जाता गाडीने जावे. सोबत एक म्हातारे माणूस आणि चाकांची बॅग असावी. डब्यातून उतरल्यापासून वाहनात बसेपर्यंत किती वेळ लागला, किती पायऱ्या चढाव्या लागल्या, कुठे थांबून विचारावे लागले, कुठे भिजायला किंवा उन्हात उभे राहायला लागले, हे लिहून घ्यावे. मग विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवरील आपल्या भागातील सदस्यामार्फत विभागीय कार्यालयाकडे दर्शनी भागाच्या चित्राऐवजी आवाराचा नकाशा मागावा : ज्यावर पूल, जिन्यांची रुंदी, छताची सलग रेषा, रिक्षा आणि एसटी थांब्याची जागा, घ्यायला येणाऱ्यांची जागा आणि दिव्यांचे खांब मोजमापासह दाखवलेले असतील. त्या नकाशावर डब्याच्या दारापासून एसटीच्या पायरीपर्यंत पेन्सिलीने एक रेघ ओढावी, ती जिथे जिथे तुटेल, वळेल किंवा उघड्यावर येईल तिथे खूण करावी, आणि कंत्राटाचे काम पायाच्या पुढे जाण्यापूर्वी त्या खुणांवर लेखी हरकती द्याव्यात.